फॉरमॅट मारूनही कॉम्प्युटर पुन्हा स्लो होतोय? आधी तो कधी स्लो होतो ते बघा

घरच्या कॉम्प्युटरची तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "दिवाळीत फॉरमॅट मारून घेतला होता, थोडे दिवस मस्त चालला, आता परत तेच." मग पुन्हा दुकान, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा थोडे दिवस बरे. फॉरमॅटने साचलेलं सगळं जातं हे खरं, पण ते कशामुळे साचत होतं ते तसंच राहतं. घरी आणल्यावर आपण तेच प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकतो, तेच ब्राउझर, त्यात तीच एक्स्टेन्शन्स, तोच अँटिव्हायरस. मग वेगळं काय होणार?

म्हणून 'या दहा सेटिंग बदला आणि स्पीड वाढवा' छापाच्या व्हिडिओंमागे लागण्याआधी एक गोष्ट नीट बघा. कॉम्प्युटर नेमका कधी रखडतो? चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं? दिवसभर? ब्राउझर उघडला की? महिन्यातले एक-दोन दिवस? की फक्त दुपारी? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि सेटिंगही वेगळं. सरसकट सगळं बंद करत सुटलात तर काय लागू पडलं हे कळत नाही, आणि दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिते आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी घरोघरी तेच चालू आहे.

टास्क मॅनेजर उघडा, पण स्लो असतानाच

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. छोटी खिडकी आली तर खाली 'मोर डीटेल्स' दाबा. आता सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांच्या डोक्यावरचे टक्के बघा. सगळं सुरळीत चालू असताना हे बघून काहीच कळणार नाही. माउसचं चक्र फिरत असताना बघायचं. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसलं की लोकांना वाटतं हार्ड डिस्क भरली. तसं नाही. डिस्क किती वेळ कामात अडकली आहे, त्याचा तो आकडा आहे. जुन्या लॅपटॉपवर हमखास दिसणारं चित्र असं: वर १०० टक्के लाल, आणि खाली प्रत्येक प्रोग्रामसमोर ०.१, ०.३, फार तर एक-दोन एमबी प्रति सेकंद. एवढंसं काम आणि डिस्क पूर्ण अडकलेली! कारण आत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आहे आणि तिच्यावर सरकणारी एक सुई. प्रत्येक वेगळ्या फाइलसाठी सुईने जागा बदलायची आणि तबकडीचा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचं. अशा उड्या सेकंदाला शंभराच्या आतच होतात. आजचं विंडोज सुरू होतानाच हजारो बारीक बारीक तुकडे मागतं.

तुमच्याकडे कुठली डिस्क आहे हे त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' मध्ये दिसतं. डावीकडे 'डिस्क ०' च्या खाली एचडीडी (म्हणजे ही तबकडीवाली जुनी हार्ड डिस्क) किंवा एसएसडी (तबकडी-सुई नसलेली, वेगवान डिस्क) असं लिहिलेलं असतं. हे आत्ताच बघून ठेवा, पुढचे निम्मे निर्णय त्यावर आहेत.

रोज बंद करता, पण तो पूर्ण बंद होत नाही

त्याच 'परफॉर्मन्स' मध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली 'अप टाइम' शोधा. दिवस, तास, मिनिटं, सेकंद अशा क्रमाने आकडे असतात. रोज रात्री न चुकता शट डाऊन करणाऱ्यांच्या मशीनवर तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात आणि मंडळी चक्रावतात.

याचं कारण 'फास्ट स्टार्टअप' नावाचं सेटिंग. ते विंडोज ८ पासून आलंय आणि बहुतेक मशीनवर आधीपासून चालूच असतं. शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफाय, साउंड, प्रिंटर असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) मेमरीत जसे असतील तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. चालू व्हायला वेळ कमी लागतो, पण एखादा ड्रायव्हर मेमरी खात सुटला असेल किंवा वायफायचं कार्ड अडखळत असेल तर तो बिघाडही जसाच्या तसा सकाळी हजर. 'बंद करून चालू केलं तरी फरक नाही' याचं कोडं बऱ्याच वेळा इथेच सुटतं.

रीस्टार्ट मात्र खरोखर सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा: शट डाऊन नाही, रीस्टार्ट करा आणि अप टाइम शून्यावर आला का ते बघा. त्यानंतर मशीन दोन-चार दिवस सुधारलं तर कारण सापडलं.

कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, 'हार्डवेअर अँड साउंड', 'पॉवर ऑप्शन्स', मग डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. वर निळ्या अक्षरात 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असतं, ते दाबल्याशिवाय खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढता येत नाही. इथे बरेच जण अडकतात. एसएसडी असेल तर हे सेटिंग मी सरळ बंद करते, चालू होण्याच्या वेळेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर राहू द्या, नाहीतर सकाळी चहा होईपर्यंत वाट बघावी लागेल. त्याऐवजी आठवड्यातून एकदा रीस्टार्टची सवय लावा.

चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं

डेस्कटॉप दिसतो, पण कशावर क्लिक केलं तरी काही हलत नाही. ही स्टार्टअपची गर्दी. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' हा टॅब (विंडोज ११ मध्ये डावीकडे 'स्टार्टअप अ‍ॅप्स') उघडा. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात 'हाय' लिहिलेले प्रोग्राम आधी बघा. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त उलाढाल झाली की विंडोज 'हाय' चा शिक्का मारतं. ही पट्टी तशी फार कडक आहे, त्यामुळे 'हाय' दिसलं म्हणजे प्रोग्राम वाईट असं समजू नका. तो मला रोज, चालू केल्याक्षणी लागतो का, एवढंच विचारा.

गाणी ऐकायचं अ‍ॅप, गेमचा लाँचर, मीटिंगचं अ‍ॅप, फोटो एडिटरचा अपडेटर, प्रिंटरमधली शाई दाखवणारं खेळणं, हे सगळं राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, लागेल तेव्हा ते उघडतंच. प्रिंटसुद्धा निघते. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंडच्या ड्रायव्हरना हात लावू नका. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचंही सॉफ्टवेअर राहू द्या, नाहीतर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी पोर्टल टोकन ओळखणार नाही आणि घरात आरडाओरडा होईल.

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं तेही इथे बसलेलं सापडतं. सरावाचा लेआउट असेल तर ठेवा. पण फक्त रोमन अक्षरांवरून मराठी उमटवण्यासाठी असेल तर गरज उरलेली नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो.

हे दुखणं परत परत उगवतं, कारण नवीन प्रोग्राम टाकताना 'विंडोजबरोबर सुरू करा' या चौकटीत आधीच खूण असते आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो. काही प्रोग्राम स्वतःच्या अपडेटनंतर पुन्हा यादीत शिरतात. काहीही नवीन टाकलंत की दुसऱ्या दिवशी हा टॅब एकदा उघडून बघायचा.

दोन अँटिव्हायरस एकत्र चालू असतील तर पहिली दहा मिनिटं काय, अख्खा दिवस जातो. लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला एक आणि नंतर विकत घेतलेला दुसरा, अशी जोडी असते. प्रत्येक फाइल दोघं तपासतात. एक पूर्ण अनइन्स्टॉल करा. दोन्ही काढलेत तर विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

महिन्यातून एकदा, बुधवार-गुरुवारी

मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेतल्या सकाळी निघते. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला ती सापडते बुधवारी किंवा त्यानंतर. त्या दिवसांत टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' वर दिसला तर त्याला मारू नका. काम अर्धवट राहिलं तर ते पुढच्या वेळी परत सुरू होईल. लॅपटॉप चार्जरला लावून तास-दोन तास तसाच चालू ठेवा, रीस्टार्ट मागितला की द्या. उद्यावर ढकलत राहिलात तर आठवडाभर कण्हत बसेल.

याच जातीचं आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. विंडोजची आपली आपण होणारी देखभाल, म्हणजे डिस्कची आवराआवर, तपासण्या वगैरे, मुळात रात्री दोनला ठरवलेली असते. आपण घरी रात्री मशीन बंद करतो. मग राहिलेली कामं दिवसा, मशीन जरा रिकामं दिसलं की सुरू होतात. तुम्ही फोनवर बोलायला उठता, परत येता, तोवर डिस्क १०० टक्के. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' उघडा, 'मेंटेनन्स' चा भाग खाली उलगडा आणि 'चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज' मध्ये वेळ बदला. दुपारी जेवून आडवं व्हायची वेळ असेल आणि कॉम्प्युटर चालू राहत असेल तर दोनच ठेवा, फक्त रात्रीऐवजी दुपारचे.

ब्राउझर उघडला की

मेमरीचा रकाना ८५-९० टक्क्यांवर जातोय का? चार जीबी रॅमच्या मशीनवर त्यातला जवळपास निम्मा भाग विंडोजच घेऊन बसतं. उरलेल्यात वीस टॅब बसत नाहीत. मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायला लागतं, आणि ती डिस्क जुनी असेल तर वर सांगितलेली सुईची धावपळ सुरू. म्हणजे दोष मेमरीचा आणि लाल होते डिस्क. दोन्ही रकाने एकत्र बघायचे ते याचसाठी.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते नावानिशी कळतं. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी, कधीतरी टाकलेली एक्स्टेन्शन्स काढून टाका. सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' खाली 'मेमरी सेव्हर' चालू करा, न बघितलेले टॅब तो झोपवतो. आणि 'सिस्टीम' मध्ये 'क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप चालू ठेवा' अशा अर्थाचं बटण आहे, ते बंद करा. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' नावाचा असाच प्रकार आहे. एज वापरतच नसाल तर तोही बंद.

दिवसभर रेंगाळतो, पण तिन्ही रकाने शांत

हे सगळ्यात फसवं. टास्क मॅनेजरमध्ये काहीच लाल नाही आणि तरी टाइप केलेलं अक्षर क्षणभराने उमटतं. 'परफॉर्मन्स' मध्ये सीपीयूचा 'स्पीड' बघा आणि शेजारचा 'बेस स्पीड' बघा. बेस २.४० गिगाहर्ट्‌झ आणि चालू स्पीड ०.७८ वर खिळलेला, कितीही काम दिलं तरी वर जात नाही, असं असेल तर प्रोसेसरला कुणीतरी लगाम घातलाय.

पहिला संशयित पॉवर मोड. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, 'सिस्टीम', 'पॉवर अँड बॅटरी' मध्ये 'पॉवर मोड' आहे. तो 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी' वर असेल तर 'बॅलन्स्ड' वर आणा. विंडोज १० मध्ये 'पॉवर सेव्हर' प्लॅन निवडलेला नाही ना ते बघा. दुसरा संशयित चार्जर. मूळ चार्जर खराब झाल्यावर बाजारातून दुसरा आणलेला असतो. काही लॅपटॉप त्याला ओळखत नाहीत आणि जपून चालायचं म्हणून प्रोसेसरचा वेग पार तळाला नेतात. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. वेग लगेच वर गेला तर सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही, चार्जर बदला.

तिसरा, उष्णता. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात दुपारी रखडणारं मशीन रात्री अकराला नीट चालत असेल तर दुसरं काही शोधू नका. पंख्यात धूळ भरलेली असते आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवणं बंद करा, आतून एकदा साफ करून घ्या, चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची पेस्ट बदलायला सांगा.

सी ड्राइव्ह लाल झालाय

'धिस पीसी' मधली पट्टी लाल होते, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली. अपडेट अडकतात, मेमरीचा भार उतरवायला जागा राहत नाही. सेटिंग्ज, 'सिस्टीम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स'. इथे 'डाउनलोड्स' हेही यादीत दिसतं, त्यावर चुकूनही खूण करू नका. आधार कार्डाच्या पीडीएफपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं घरात तिथेच पडलेलं असतं. बाकीचं काढायला हरकत नाही. 'स्टोरेज सेन्स' चालू करून ठेवलंत तर पुढच्या वेळी लाल व्हायला बराच वेळ लागेल.

दिसण्याचे देखावे कमी करायचं सेटिंग सगळे सांगतात: सर्चमध्ये 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज'. अगदी जुन्या मशीनवर थोडा फरक पडतो. पण 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून तसंच ओके करू नका. त्याने 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फाँट्स' सुद्धा जातं, आणि इंग्रजी एक वेळ वाचता येतं पण आपली जोडाक्षरं करवतीने कापल्यासारखी दिसतात. ती एक खूण परत लावा, फोटोंच्या थंबनेलचीही लावा.

हे करण्यात वेळ घालवू नका

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश: त्याने फक्त आयकॉन पुन्हा काढले जातात, मेमरी वगैरे काही मोकळी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं कर्मकांड आहे ते. रनमध्ये जाऊन 'प्रीफेच' चा फोल्डर रिकामा करणं: त्यात प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने करून ठेवलेल्या नोंदी असतात, त्या उडवल्या की पुढच्या वेळी प्रोग्राम उलट हळू उघडतात. 'टेम्प' रिकामा केला तर चालतो. 'एमएसकॉन्फिग' मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवणं: विंडोज सगळे कोअर आधीच वापरतं, ती चौकट संख्या मर्यादित ठेवून चाचणी करण्यासाठी आहे. रजिस्ट्री क्लीनर आणि रॅम बूस्टर तर टाकूच नका, ते स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

'सिसमेन' ही सर्व्हिस (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी) बंद करा, असंही सांगितलं जातं. जुनी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असेल तर 'सर्व्हिसेस' मध्ये ती थांबवून डिस्कचा रकाना खाली येतो का बघा. नाही आला तर पुन्हा सुरू करा. एसएसडीवर तिच्या वाटेला जाऊ नका. तसंच एसएसडी डीफ्रॅग करायला (म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायला) कुठलंही वेगळं सॉफ्टवेअर आणू नका, तिला लागते ती देखभाल विंडोज स्वतःच ठरावीक दिवसांनी करतं.

सेटिंग जिथे संपतात

एचडीडीवर विंडोज १० किंवा ११ असेल तर वरचं सगळं करून मशीन सुसह्य होईल, वेगवान होणार नाही. लॅपटॉपमधल्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी सॅटा एसएसडी तशीच बसते, आहे ते विंडोज तिच्यावर कॉपीही करता येतं. नवीन लॅपटॉपसाठी पैसे साठवण्याआधी हे करून बघा. रॅम वाढवायची तर 'परफॉर्मन्स' मध्ये मेमरीवर क्लिक करा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक असं दिसलं तर दुसरी पट्टी लावायला जागा आहे. दुकानात जाताना रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे लिहून न्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

शेवटची शंका डिस्क मरत असल्याची. 'परफॉर्मन्स' मध्ये डिस्कवर क्लिक केल्यावर 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' दिसतो. धडधाकट हार्ड डिस्कवर तो साधारण दहा-वीस मिलिसेकंदांच्या आसपास असतो, कामाच्या रेट्यात शंभर-दोनशेही होतो. काहीच चालू नसताना तो हजारांत जात असेल, मधूनच कटकट आवाज येत असेल, एखादा फोल्डर उघडताना मशीन गोठत असेल, तर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. तिथे निळ्याऐवजी पिवळ्यात 'कॉशन' दिसलं तर फॉरमॅट नको, डीफ्रॅग नको, स्कॅनही नको. ते सगळं त्याच आजारी सुईला आणखी पळवतं. बाहेरची डिस्क जोडा आणि ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी उचला: फोटो, मग हिशेबाच्या फाइल, मग कागदपत्रांचे स्कॅन. सिनेमे राहिले तरी चालतील.